सात नंबरचा बोअर

“सात नंबरचा बोअर आपल्याच कंपनीचा आहे!” अध्यक्षांनी टेबलावर मूठ आपटली आणि हॉलभर टाळ्या पडल्या.

वर्षभर त्या बोअरचं नाव काढलं की याच अध्यक्षांना ठसका लागायचा. आता तिथे तांबं लागलं होतं. दोन कंपन्यांनी भागीदारीत खनिज शोधायला घेतलेल्या त्या माळावर एरवी कुत्रंही फिरकलं नसतं. आता दोघी एकमेकींच्या झिंज्या धरायला निघाल्या होत्या. कोर्टात जायचं की नाही, हे आज भागधारकांनी हात वर करून ठरवायचं होतं.

बोअरमधून काढलेल्या दगडाच्या कांड्या टेबलावर मांडल्या होत्या. त्यातली हिरवट झाक असलेली एक कांडी लोक तान्ह्या बाळासारखी या हातातून त्या हातात देत होते. शेवटच्या रांगेतल्या बाईंकडे ती आली, तेव्हा त्यांनी ती मांडीवर घेतली आणि पुढे दिलीच नाही. त्यांचा मुलगा त्या बोअरवर ड्रिल चालवायचा. वर्षापूर्वी ड्रिलच्या रिगचा खांब कोसळला आणि तो तिथेच गेला. त्यानं पगारातून हौसेनं घेतलेले शेअर आता आईच्या नावावर होते, म्हणून तर दारावरच्या माणसाला त्यांना आत सोडावं लागलं.

वकिलांनी पुरावे मांडायला घेतले. “भागीदार कंपनी म्हणते, बोअर त्यांचा. कसा काय? रिग आपली, डिझेल आपलं, माणसंही आपली!”

बाई कांडी घेऊनच उठल्या. “माणसंही आपली ना? मग अपघात झाला तेव्हा तुम्हीच म्हणालात, बोअर त्यांचा, माणूसही त्यांचा, तिकडे विचारा. तिकडचे म्हणाले, इकडे विचारा. भरपाईचं राहू द्या साहेब. तो आमचा माणूस होता, एवढं एकदा तोंडानं म्हणा.”

“मावशी, तुमचं दुःख आम्ही समजू शकतो,” अध्यक्ष अगदी लोण्यासारख्या आवाजात म्हणाले. “पण आजच्या सभेपुढे फक्त बोअरचा विषय आहे.”

“बोअरचंच विचारतेय मी.”

“अहो, बसा हो खाली! चहा गार होतोय,” पुढून कुणीतरी ओरडलं. लोक हसले. शेअरचा भाव सकाळीच चढला होता. लाज वाटायला कुणाला सवड नव्हती.

वकील अध्यक्षांच्या कानाला लागले. अध्यक्ष घाईनं माइककडे वळले. “बोअर आपला आहे आणि त्यासाठी कोर्टात जायचं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा.”

हॉलभर हात वर झाले. बाई अजून उभ्याच होत्या. “साहेब, माझं बोलणं संपलेलं नाही,” म्हणत त्यांनीही हात वर केला.

कारकून बोट नाचवत रांगा मोजत आला. बाईंपाशी जरा घुटमळला, त्यांचाही हात मोजला आणि परत गेला.

“ठराव एकमतानं मंजूर!”

टाळ्या वाजवत लोक उठले आणि चहाकडे वळले. खुर्च्या सरकल्या, कप वाजू लागले. बाईंचा हात तसाच वर होता. कारकून पुन्हा त्यांच्याकडे आला.

“मावशी, हात खाली घ्या आता. मोजून झालं,” तो म्हणाला. “आणि ती कांडी इकडे द्या. कंपनीची आहे ती.”