एकशे अठ्ठेचाळीसवरून नऊ

पडद्यावर सीआरपीचा आकडा उमटला. नऊ. ताईने चष्मा काढला, कोटाच्या टोकाला पुसला, परत लावला. नऊच होता.

काल हाच आकडा एकशे अठ्ठेचाळीस होता. परवा एकशे दहा, त्याच्या आदल्या दिवशी बासष्ट. छातीत विषाणू शिरला की अंगात किती आग पेटलीय हे सीआरपी सांगतं, आणि ताईच्या धाकट्या भावाच्या अंगातली आग तीन दिवस नुसती वाढत चालली होती. जोडीला एलडीएच. पेशी फुटायला लागल्या की ते चढतं. तेही काल सातशेच्या घरात गेलं होतं. आज दोनशे चार.

दुसऱ्या कुणा बहिणीने हात जोडले असते. पण ताई एकवीस वर्षं या लॅबमध्ये रक्त तपासत आली होती. सगळं हॉस्पिटल तिला ताई म्हणायचं, तेही जरा घाबरूनच. सीआरपी झपाट्याने उतरायचं म्हटलं तरी दिवसाला फार तर निम्म्यावर येतं. एका रात्रीत नऊ होणं शक्यच नव्हतं. तिने नळी पुन्हा मशीनला लावली. पुन्हा नऊ. मशीनला बोल लावण्यात अर्थ नव्हता, ते सकाळीच तिने स्वतः तपासून घेतलं होतं.

म्हणजे हे रक्त त्याचं नव्हतं. कुणा बऱ्या माणसाचं रक्त त्याच्या नावाने आलं होतं. मग त्याचं कुठे होतं, आणि आज किती बिघडलं होतं?

तीन दिवस तिचा जीव टांगणीला लागला होता. त्या वॉर्डात कुणालाही भेटायला सोडत नसत, घरच्यांना नाही आणि लॅबच्या माणसांनाही नाही. धाकटा फोनवर तेवढा भेटायचा आणि तक्रारींचा पाढा वाचायचा. "ताई, हे सूप नाही गं, भाज्यांच्या अंघोळीचं पाणी आहे. आणि मला उगाच टोचतात. मला काहीही झालेलं नाही." तिला वाटायचं, आपल्याला धीर द्यायला सोंग करतोय. लहानपणी हात मोडला तेव्हाही हा पठ्ठ्या असाच हसत घरी आला होता. मोठे डॉक्टरही म्हणाले होते, "वरवर बरे दिसतात, पण रक्त फसवत नाही." त्या रक्ताच्याच भरवशावर त्याला जालीम इंजेक्शनं चालू होती.

तिने नळी उजेडात धरली. तिच्यावर नेहमीचं छापील लेबल नव्हतं. कुणीतरी पेनाने, गिचमिड अक्षरात नाव लिहिलं होतं. घोळ इथेच झाला, तिच्या मनाने घेतलं, आणि तिचं डोकं फिरलं. तिने वॉर्डला फोन लावला.

"आज रक्त कुणी घेतलं? आणि हे हाताने लिहायचं कुणी सांगितलं?"

"मी घेतलं, ताई," पलीकडून सिस्टर म्हणाली. आवाज ओळखीचा नव्हता. "मी आजच या वॉर्डात आलेय. पलंगाला छापील लेबलांची पट्टी लटकवलेली असते ना, तिच्यावर दुसऱ्याच कुणाचं नाव होतं. म्हणून मी त्यांना नाव विचारलं, मनगटावरचा पट्टा वाचला आणि तेच नळीवर लिहिलं."

"पट्टीवर कुणाचं नाव होतं?"

"शेजारच्या पलंगावरच्या मास्तरांचं. दोघांनी पलंग बदललेत, पट्ट्या मात्र जिथल्या तिथे राहिल्या. सकाळी चाळीस जणांचं रक्त घ्यायचं असतं, ताई. सगळ्याजणी पट्टीवरचं लेबल फाडतात आणि लावतात."

"कधी बदलले पलंग?"

"पहिल्याच दिवशी. तुम्हीच फोन केला होता म्हणे, भावाला खिडकीजवळची जागा द्या म्हणून."

केला होता. ताईच्या शब्दाला वजन होतं, आणि कधी नव्हे ते तिने ते घरच्या माणसासाठी वापरलं होतं. ती खुर्चीच्या कडेला टेकली. म्हणजे आजचं रक्त धाकट्याचंच होतं, आणि आधीच्या तिन्ही दिवसांचं त्याचं नव्हतं. पोरगं खरं बोलत होतं. तिला इतकं हायसं वाटलं की डोळे भरून आले. मग पुढचा विचार आला.

"मास्तर कसे आहेत?"

"त्यांना आत्ताच घरी सोडलं की. तिन्ही दिवसांचे रिपोर्ट एकदम छान होते त्यांचे, म्हणून आज रक्तही घेतलं नाही. धाप वयामुळे लागते, म्हणाले डॉक्टर. त्यांची मुलगी गाडी घेऊन आलीय."

ताई लिफ्टसाठी थांबली नाही. गुडघे दुखतात म्हणून वर्षभर जिन्याला हात न लावलेली बाई चार मजले धावत उतरली. मुख्य दाराशी एक गाडी उभी होती. एक बाई पिशव्या मागच्या सीटवर रचत होती. पुढे मास्तर बसले होते, गळ्यापर्यंत शाल ओढून. नुसते बसले होते, तरी त्यांना धाप लागली होती. ओठ जांभळट दिसत होते.

"मास्तर, तुम्हाला परत वर यावं लागेल," ताई कशीबशी म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. मी लॅबमधून आलेय."

मास्तरांनी तिच्या पांढऱ्या कोटाकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे तुम्ही त्याची ताई," ते म्हणाले, आणि पुढच्या शब्दांसाठी त्यांना दोनदा श्वास घ्यावा लागला. "डॉक्टर बोलायचे ते मला शेजारी ऐकू यायचं. फार काळजी वाटते हो त्याची, तीन दिवस झोप नाही मला. आज तरी आकडा उतरला का?"