बदकाचं पूर्ण नाव

"पेशंटचं पूर्ण नाव?" टेबलामागच्या मुलीनं विचारलं.

घुबडानं चष्मा काढून पुसायला घेतला. ओहायोतल्या एका जिल्हा न्यायालयात हा माणूस एकतीस वर्षं न्यायाधीश होता. साक्षीदार समोर आला की त्याला आधी नाव विचारलं जायचं, आणि उत्तराला वेळ लागला की घुबड चष्म्यावरून असं बघायचा की भल्याभल्यांची बोबडी वळायची. आज त्याची स्वतःचीच वळली.

"बदक," शेजारून बटाटा म्हणाला.

"काय?"

"बदक हो! हृदयाचं ऑपरेशन आहे त्याचं. दहाला आत नेणार आहेत. असा चालतो बघा." टायरच्या दुकानात जन्म घालवलेला, सत्तरीचा बटाटा इस्पितळाच्या त्या चकचकीत फरशीवर चार पावलं डुलून आला.

कीशा, म्हणजे ती मुलगी, हसली नाही. "काका, नावाशिवाय मी कुणाला वर सोडू शकत नाही. तुम्ही पेशंटचे कोण?"

"भाऊ," दोघंही एकदम म्हणाले.

"सख्खे?"

"सख्ख्याहून सख्खे!" बटाटा म्हणाला.

"आणि भावाचं नाव माहीत नाही."

आता या पोरीला काय सांगायचं? कॉलेजात त्यांचं बंधुमंडळ होतं, तीस पोरं एका घरात राहायची. घरात शिरायच्या रात्री आपलं जुनं नाव कागदावर लिहून शेकोटीत टाकायचं, मंडळ देईल ते नवं घ्यायचं. कुणाचं जुनं नाव चुकून जरी तोंडून निघालं, तरी आठवडाभर सगळ्यांची भांडी घासायची. खरी नावं सुटली हळूहळू डोक्यातून. कॉलेज सुटून अठ्ठेचाळीस वर्षं झाली, पण दर महिन्याच्या पहिल्या रविवारी फोन कधी चुकला नाही. बदकाचा गुडघा, बदकाची बायको गेली तो दिवस, बदकाच्या कुत्रीची तीन बाळंतपणं, सगळं घुबडाला तोंडपाठ. नाताळचं कार्डसुद्धा 'बदक, गिरणी रस्ता' एवढ्यावर जायचं. गाव एवढंसं, पोस्टमन आणून द्यायचा.

"फोन लाव ना त्यालाच," बटाटा म्हणाला.

"नऊदा लावला. कपड्यांबरोबर काढून घेतला असणार."

"मग कांद्याला विचार."

मंडळातलाच कांदा तिकडे ॲरिझोनात झोपला होता. "बदक?" तो जांभई देत म्हणाला. "बदकाला नाव होतं?"

घुबडानं फोन ठेवला. भिंतीवर पावणेदहा झाले होते. गेल्या रविवारी बदक म्हणाला होता, "मला दुसरं कोण आहे रे? शुद्धीत आहे तोवर तुमची थोबाडं दाखवून जा." त्यासाठी दोघं पहाटे निघून तीनशे मैल आले होते, त्यातले चाळीस बटाट्यानं चुकवलेल्या वळणाचे. आता पंधरा मिनिटांत बदक ऑपरेशन थिएटरच्या दारातून आत जाईल, आणि आपले आले नाहीत असं समजून जाईल. घुबडाला स्वतःची इतकी लाज वाटली की कान तापले.

"त्याच्या लग्नाला गेलो होतो की आपण!" तो बटाट्यावर खेकसला. "चर्चमध्ये नाव घेतलं असेल ना!"

"असेल. मी केकपाशी होतो. तू कुठं होतास?"

"तुला केकपासून ओढत होतो!"

"बरं, असं करू," कीशा थोडी नरमली. "पेशंट लोक भेटायला येणाऱ्यांची नावं लिहून देतात. तुमची सांगा, त्यावरून शोधते."

"ॲम्ब्रोज टिल्टन."

बटाट्याची मान गर्रकन वळली. "तुझं नाव ॲम्ब्रोज?"

"मग?"

"ॲम्ब्रोज! आणि या नावावर लोकांना तुरुंगात धाडायचास?"

"तुझं सांग आधी!"

"मर्ल," बटाटा पुटपुटला. "मर्ल कुख्ता."

"मर्ल!" घुबडाचं पोट हसून हलायला लागलं, आणि दुसऱ्याच क्षणी कीशानं मान हलवलेली पाहून थांबलं.

"नाहीत. कुठल्याच यादीत ही नावं नाहीत."

"अरे देवा! घुबडा, आता रे?" बटाट्याचा आवाज फाटला.

कीशाची बोटं थबकली. "काय म्हणालात तुम्ही यांना?"

"घुबड."

"आणि तुम्ही बटाटा?"

"हो. का?"

ती ताडकन उठली आणि मागच्या खणातून एक कागद घेऊन आली. "डॉक्टरांनी आज सकाळपासून दोनदा या पेशंटचं डोकं तपासलंय! वर्ष कोणतं, वार कोणता, देशाचा अध्यक्ष कोण, सगळं बरोबर सांगतात. भेटायला कोण येणार विचारलं की पुन्हा हेच."

तिनं कागद त्यांच्याकडे फिरवला. बदकाचं वाकडंतिकडं अक्षर घुबडानं लगेच ओळखलं.

'घुबड. नातं: भाऊ.
बटाटा. नातं: भाऊ.
दोघं येणारच. दिसले नाहीत तर रस्ता चुकले असतील. ते आल्याशिवाय मला आत नेऊ नका.'