खांबाची साक्ष

दिनांक १४ मार्च २०४७, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे. इचलकरंजीच्या न्यायालयात आरोपी एकच होता: बाबू आवटी, वय ६८, चाळीस वर्षे यंत्रमागावर काम केलेला. रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाने त्याचा आवाज ९१ डेसिबल मोजून शांतताभंगाची तक्रार स्वतःच नोंदवली होती.

"साहेब, हा जुन्या सोबत्याला 'जेवलास का रं?' एवढंच विचारत होता," वकील शकुंतला मगदूम संतापून म्हणाल्या. "मागांच्या खडखडाटात दोघांचेही कान गेले. खांब आवाज मोजतो, शब्द ऐकत नाही. आणि त्याच्या साक्षीवर या माणसाला तीन महिने कैद?"

"नियम सर्वांना सारखा," न्यायाधीश म्हणाले आणि आरोपीकडे वळले. "गुन्हा कबूल आहे का?"

"आँ?"

"गुन्हा कबूल आहे का?"

"मोठ्यानं बोला की सायेब! नव्या नवरीगत काय पुटपुटताय?"

न्यायाधीशांनी तोच प्रश्न सारा जोर लावून ओरडून विचारला. तत्क्षणी भिंतीवरच्या यंत्राने ९३ डेसिबलची तक्रार त्यांच्या नावाने छापली.

ती त्यांनी दोनदा वाचली. दुपारपर्यंत त्यांच्यासमोरचे असे ३१२ खटले रद्द झाले.