पटावरचा बारावा

"केसादा मोन्हे, ओदिली?" दोन्या क्लेमेन्सियाने न्याहारीच्या टेबलाशी हजेरीचा पुकारा केला.

"आई, कॉफी दे."

"गैरहजर," म्हणत आईने कॉफी ओतली.

हे चौतीस वर्षं चाललं होतं. दुसरीत ओदिली आईच्याच वर्गात होती. त्यांच्या तुर्रिआल्बा गावात शाळेतल्या बाईंना मुलं 'निन्या' म्हणतात, म्हणजे छोटी मुलगी, मग बाई साठीच्या का असेनात. पहिल्याच दिवशी ओदिली चुकून "हजर, आई" म्हणाली आणि अख्खा वर्ग खिदळला. त्यानंतर वर्षभर तिने हजेरीला तोंड उघडलं नाही, आणि आईने वर्षभर तिची गैरहजेरी मांडली. शेवटी तपासनीस आले आणि विचारू लागले, एकही दिवस शाळेत न आलेली मुलगी वर्गात पहिली कशी?

"तुझा पक्षी काय म्हणतो?" आईने विचारलं.

"त्याचं नाव काढू नकोस."

ओदिली दर बुधवारी सात ते आठ ऑनलाइन वर्ग घ्यायची. पैसे न मोजता अभ्यास आणि संशोधन कसं करावं, हा विषय. जुनी वर्तमानपत्रं कुठे फुकट वाचायला मिळतात, कुठला शब्दकोश विश्वासाचा, टिपणं एका जागी कशी ठेवायची. विद्यापीठाची अट एकच होती. दर तासाला बारा जणांनी काहीतरी लिहिलंच पाहिजे, नाहीतर वर्ग बंद. नावनोंदणीच्या शेवटच्या सकाळपर्यंत अकराच नावं आली होती: एक नन, एक दातांचा डॉक्टर, चीजच्या कारखान्यातल्या तिघी बहिणी, असे. ओदिली रडकुंडीला आली होती. दुपारी बारावा आला.

बाराव्याला चेहरा नव्हता. नावही धड नव्हतं, नुसतं 'यिगिर्रो'. एप्रिलभर पावसासाठी ओरडून डोकं उठवणारा मातकट पक्षी. सात वाजून पाच मिनिटांनी त्याचा एक खोचक प्रश्न यायचा, सात पंचवीसला दुसरा.

"मी उलट काही विचारलं की चिडीचूप," ओदिली म्हणाली. "आभारसुद्धा नाहीत."

"विचारतो तरी काय?"

"'मॅडम, हे तुम्हाला कुणी सांगितलं, की तुम्ही स्वतः पाहिलंत?' दर वेळी! कार्वाहालच आहे तो, आमच्या विभागातला. वर्ग बंद पाडायचाय त्याला."

"मग हाकल."

"हाकलला तर अकराच उरतात!"

"दुभत्या गाईच्या लाथा गोड मानाव्यात."

"तूच ये की वर्गात. त्याला हाकलते आणि तुला घेते."

"मी? बुधवारी सातला माझा बिंगो असतो. आणि त्या फोनने आधीच माझी अब्रू घालवलीय."

ते खरंच होतं. संदेश आधी लिहून ठेवले तर ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी आपोआप जातात, हे आईला गेल्या वर्षी कळलं. वर्षभराचे धडे फेब्रुवारीतच लिहून मोकळी होणारी बाई ती. एका दुपारी बसून तिने सगळ्या नातेवाइकांच्या वाढदिवसांच्या शुभेच्छा लिहून टाकल्या. नेल्लीमावशीच्या बाबतीत साल चुकलं. ऐंशीव्या वाढदिवसाच्या शुभेच्छा मावशीला अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीच पोचल्या, आणि तेव्हापासून तिने अबोला धरला.

त्या संध्याकाळी सात पाचला प्रश्न आला. सात पंचवीसलाही आला. ओदिलीने दात-ओठ खात उत्तरं दिली. साडेआठला आई चर्चमधून परतली ती बिंगोत जिंकलेला तवा नाचवत.

"आला होता कार्वाहाल?"

"आला होता. मी म्हणाले कॉफी पहिल्यांदा रेल्वेने बंदरावर गेली, तर विचारतो, 'तुम्ही होतात का तिथे?'"

आई हसता हसता खुर्चीत बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "गुणी विद्यार्थी आहे गं. त्याला विचारता येतं."

"मग तूच दे त्याला शाबासकी."

"तू कशाला देशील! तुझ्या तोंडून बाईंना साधं 'हजर' निघालं नाही."

गुरुवारी सकाळी कुणी हजेरी घेतली नाही.

झोपेतच गेली, डॉक्टर म्हणाले. तवा अजून कागदातच होता.

पुढचा बुधवार म्हणजे शेवटचा तास. घरात नऊ दिवसांच्या प्रार्थना चालू होत्या. नेल्लीमावशी अबोला सोडून आली होती आणि सगळ्यांना सांगत होती, "ऐंशीच्या शुभेच्छा आधीच मिळाल्या ते बरं झालं. नाहीतर राहिल्याच असत्या." मग ओदिलीकडे वळून म्हणाली, "जा, वर्ग घे. क्लेमेन्सियाने तुला दांडी मारू दिली असती का? पाहुण्यांसाठी वाफवायच्या तामालांचं मी बघते."

अकरा जणांनी दोन-दोन शब्द लिहिले. ननने प्रार्थना लिहिली. चीजवाल्या बहिणींनी तिघींत मिळून एक फूल पाठवलं.

सात पाच.

'मॅडम, हे तुम्हाला कुणी सांगितलं, की तुम्ही स्वतः पाहिलंत?'

"कार्वाहाल!" ओदिली ओरडली. स्वयंपाकघरातली जपमाळ थांबली. "माझी आई जाऊन सहा दिवस झाले. लोकांनी फुलं पाठवली. तुम्हाला आजही प्रश्नच सुचतात? एकदा तरी माणसासारखं बोला!"

स्वयंपाकघरात जपमाळ पुन्हा सुरू झाली.

तिने कसाबसा धडा पुढे रेटला. बारा जणांचं लिहून झालं होतं. आता कुणाला काढलं तरी वर्गाला धोका नव्हता. तिने यिगिर्रोच्या नावावर बोट नेलं.

सात पंचवीस झाले.

'प्रश्न संपले. आज शेवटचा दिवस, आता हजेरी. केसादा मोन्हे, ओदिली?'

पडद्यावरचे अकरा चेहरे तिच्याकडे बघत होते. ओदिलीने बोट मागे घेतलं.

"हजर, निन्या," ती म्हणाली.