बाहेरचं माणूस

दारावर थाप पडली तेव्हा तिरहास जमिनीवरचं अंथरूण गुंडाळत होती. शेजारणी असं दार वाजवत नाहीत. असं फक्त घरं तपासणारा माणूस वाजवतो, आणि दुसऱ्या थापेनंतर स्वतःच्या किल्लीने आत येतो.

"कपाटात," अब्रेहेत कुजबुजली. "ताई, चल, कपाटात!"

तिरहास अंथरुणासकट आत शिरली. अब्रेहेतने कपाटाचं दार लोटलं. ते नीट लागत नसे, बोटभर फट राहायचीच. तक्रार करून झाली होती, पण दुरुस्तीला अजून कोणी फिरकलं नव्हतं.

नियम साधा होता. आसरा मागणाऱ्याला सरकारने दिलेल्या घरात रात्री बाहेरचं माणूस नको. सापडलं, तर घर जातं आणि दर आठवड्याला मिळणारे पैसेही जातात. मग लहानग्या देलिनाला घेऊन अब्रेहेतने जायचं कुठे? आणि तिरहासचा अर्ज तर वरच्या कोर्टानेही फेटाळलेला. खोली काढून घेतलेली, काम करायला बंदी, आणि एरिट्रियात परत पाऊल टाकलं की तुरुंग. दुसऱ्या कोणाच्या जमिनीवर निजण्यावाचून तिला मार्ग नव्हता.

दार उघडून घरं तपासणारा डेरेक आत आला. पिकल्या मिशांचा, सुटल्या पोटाचा.

"या जिन्याने जीव घेतला माझा, पोरी. देलिना शाळेत?"

"हो साहेब."

त्याने नळ सोडून पाहिला, खिडकी हलवून पाहिली, छतावरची धुराची घंटा दाबून वाजवली. मग फळीकडे नजर टाकली.

"एकच ताट? माणसं दोन ना तुम्ही?"

"आम्ही एकाच ताटात जेवतो."

माणसं कितीही असोत, त्यांच्यात ताट एकच असतं, हे काही तिने सांगितलं नाही. डेरेकने मान डोलावली आणि तो निघाला. दाराच्या मुठीवर त्याचा हात पडला. अब्रेहेतच्या जिवात जीव आला, आणि नेमकं तेव्हाच तिच्या तोंडून गेलं,

"कॉफी घेऊन जा की."

घरी आलेल्याला हे म्हणायचंच असतं. आई म्हणायची, आजी म्हणायची. इथले साहेब लोक नाही म्हणतात, घड्याळ दाखवतात, हसून निघून जातात.

"घेतो की," डेरेक म्हणाला आणि खोलीतल्या एकुलत्या एका खुर्चीत बसला. "गुडघ्यांनाही तेवढाच आराम."

अब्रेहेतला स्वतःची जीभ हासडावीशी वाटली. त्याला वाटलं असणार, पाणी उकळेल, भुकटी पडेल, दोन घोटांत काम संपेल. तिच्याकडे होते कच्चे दाणे. ते धुवायचे, भाजायचे, कुटायचे, मातीच्या सुरईत उकळायचे. आता नाही म्हणावं, तर तो विचारणार का. तिने कढई शेगडीवर ठेवली. दाणे कढईत कमी आणि ओट्यावर जास्त पडले.

दाणे काळे होऊन तडतडू लागले. धूर वर चढला तसा डेरेक उठला आणि धुराच्या घंटेखाली आपली फाईल हलवत उभा राहिला.

"ही बोंबलली तर अख्खी इमारत रस्त्यावर येईल," तो हसत म्हणाला.

अब्रेहेतही हसली. कपाटातून हूं की चूं नाही.

मग तिने कढई त्याच्यापुढे धरली. "साहेब, हाताने धूर ओढून घ्या. असा. आधी वास घ्यायचा, मग कॉफी."

डेरेकने डोळे मिटून वास घेतला. "वा! काय सुरेख!"

खोलीत असेल त्या प्रत्येकापुढे कढई न्यायची, कोणाला वगळायचं नाही. तिचा विचार शेगडीजवळ राहिला आणि पाय सवयीने चालू लागले. भानावर आली तेव्हा ती कपाटासमोर उभी होती. कढई पुढे धरलेली, आणि धूर त्या फटीतून आत शिरत होता.

मागे फाईल हलायची थांबली.

"तिकडे कोण आहे?" डेरेकने विचारलं.

अब्रेहेतने कढई तशीच धरून ठेवली. मागे वळायचं धाडस होईना. देलिना शाळेतून परत येईल तेव्हा आपण कुठल्या फुटपाथवर असू, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

"कोणी नाही. आमच्यात... जे नाहीत, त्यांच्यासाठीही धूर दाखवतात."

"जे नाहीत त्यांच्यासाठी."

"हो साहेब."

तो घंटेखालून बाजूला झाला. पुन्हा खुर्चीत बसला. दाणे कुटून झाले, सुरई उकळली, बिनदांड्याच्या चिमुकल्या पेल्यात कॉफी पडली. डेरेकने ती सावकाश प्यायली. सगळा वेळ तो कपाटाकडे पाहत नव्हता, आणि तो पाहत नव्हता हे अब्रेहेतला दिसत होतं. तिला सरळ ओरडावंसं वाटलं, काय ते एकदा बोलून टाका.

पेला खाली ठेवून तो उठला. दाराशी थांबला.

"सोमवारी सकाळी परत येईन. बरोबर माझा साहेब असेल. तो सगळं उघडून बघतो." त्याने फाईल काखेत मारली. "आणि त्याला कॉफी आवडत नाही, पोरी. बसणार नाही तो."

जिन्यावर त्याची पावलं अडखळत खाली गेली. खालचं दार आपटलं. अब्रेहेत खोलीच्या मधोमध उभी राहिली. कपाट उघडायला तिचा हात उठेना. सोमवारबद्दल काय सांगायचं, कसं सांगायचं?

"ताई," ती म्हणाली, "गेला तो."

आतून हँगर सरकल्याचा आवाज आला. मग आणखी एक. अंधारात चाचपडत तिरहास आपले कपडे वेगळे काढत होती.