जावयाची बदाम कॉफी

सासरी पहिल्यांदाच मुक्कामाला आलेल्या जावयाने छाप पाडायची ठरवली. "आज बदामाची कॉफी माझ्या हातची!" म्हणत त्याने बदाम भाजले, वाटले, कॉफीत उकळले आणि सगळं झोकात गाळणीत ओतलं. खाली भांडं ठेवायचं मात्र विसरला. कॉफी गेली सिंकमध्ये, हाती राहिला चोथा! फजिती झाकायला त्याने तो वाट्यांत भरला, चमचे खोचले आणि ठोकून दिलं, "आमच्याकडे कॉफी अशीच खातात."

सासरेबुवांनी बिचाऱ्यांनी डोळे मिटून चावून चावून संपवली. "वा, जावईबापू!"



सकाळी सासूबाईंनी फक्कड चहा केला, सगळा सिंकमध्ये ओतून दिला आणि गाळणीतली पत्ती वाटीत घालून त्याच्यापुढे ठेवली. "घ्या, अगदी तुमच्याकडच्यासारखा केलाय. लाजू नका हं, अजून आहे!"