संशोधन विभाग

कोरियाहून आलेल्या खरेदीदार बाईंनी हैदराबादच्या कुकटपल्लीतल्या लोणच्याच्या कारखान्यात येताच मालक हर्षवर्धनना विचारलं, "आमच्याकडे लहान कारखानेही संशोधनावर खर्च करतात. तुमचा संशोधन विभाग कुठे आहे?"

गडबडून त्यांनी बाईंना कोठीच्या खोलीत नेलं. आत भामाबाई बरण्या भरत होत्या. "यांना काहीतरी दाखवा," हर्षवर्धन मराठीत पुटपुटले.

भामाबाईंनी कोपऱ्यातली बरणी उघडली. "हे निम्म्या तेलातलं. चार महिने टिकलंय."

हर्षवर्धननी ते इंग्रजीत सांगितलं. बाईंनी लोणचं चाखलं आणि तिथेच मोठी ऑर्डर दिली.

त्या गेल्यावर हर्षवर्धन हसून म्हणाले, "काय नाटक केलंत, भामाबाई!"

"नाटक कुठलं, साब? खरंच करून बघत होते मी."

हर्षवर्धनचं हसू मावळलं.

 

"म्हणजे चार महिने माझ्या कैऱ्या वाया घालवत होतात?"